आधी त्यांचं पंचांग माग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पेढे पोचले. बेलापूरचं शिपिंगचं ऑफिस, डॉक्युमेंटेशनचं टेबल आणि पहिल्याच महिन्यात हॅम्बर्ग, दुबईचं जेबेल अली बंदर, योकोहामा इथल्या एजंटांशी रोजची मेलामेली. सुरुवात झकास आहे. तू विचारलंयस, ‘काका, जर्मन कसे असतात, जपानी कसे असतात, अरबांशी कसं बोलायचं, एकदा सांगून टाका.’ ते मी सांगणार नाही. ऑफिसवाले त्याचं ट्रेनिंग ठेवतीलच. पडद्यावर झेंडे येतात आणि प्रत्येक झेंड्याखाली चार स्वभावगुण. सामोसे बरे असतात, खाऊन घे. बाकीचं तिथेच सोडून ये.

जेबेल अलीला फोन लावलास की उचलणारा बहुतेक वेळा त्रिशूरचा, कराचीचा नाहीतर मनिलाचा असेल. झेंड्याखालचे ते चार गुण त्याला कसे लावणार आहेस?

दोन गोष्टी वेगळ्या ठेव. एक पंचांग. कामाचे वार, सुट्ट्या, घड्याळ, आकडे लिहायची रीत, नावात आडनाव कुठे येतं, सही कोण करतो. हे सगळं विचारता येतं, वहीत उतरवता येतं. दुसरा स्वभाव. तो माणसागणिक वेगळा आणि काही महिने एकत्र काम केल्याशिवाय कळत नाही. आपल्या धंद्यातली निम्मी भांडणं होतात ती पहिल्याचा आळस आणि दुसऱ्याची घाई केल्यामुळे.

पंचांगाचंच घे. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी, तीसुद्धा २०१३ पासून. त्याआधी गुरुवार-शुक्रवार असायची. दुबईने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार धरला, शुक्रवारी सरकारी कचेऱ्या दुपारपर्यंत. शेजारच्या शारजात मात्र शुक्रवारपासून तीन दिवस सरकारी कचेऱ्या बंद. गाडीने तासाभराच्या अंतरावर दोन वेगळे आठवडे! रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो आणि ईदची तारीख चंद्र दिसल्यावर ठरते, तेव्हा त्या दोन दिवसांत कागद अडकतील असं काही ठेवू नकोस. चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने बंद होतात आणि आधीच्या आठवड्यांत जहाजावर जागा मिळता मिळत नाही. जपान एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीवर जातं. अदिस अबाबाचा माल जिबूतीवरून जातो; इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयाच्या सुमारापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि वर्षाचे महिने तेरा. तिकडून कुणी ‘तीन वाजता फोन करतो’ म्हणालं तर कुठल्या घड्याळाचे तीन, हे खुशाल विचार. विचारण्यात कमीपणा नाही.

आकड्यांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघ. हॅम्बर्गच्या पॅकिंग लिस्टवर १.२५० किलो दिसलं तर ते सव्वा किलो नाही, साडेबाराशे किलो आहे. तिकडे हजाराला टिंब देतात आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाने १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही, त्यामुळे या टिंबाची किंमत तुला लवकरच कळेल. आणि त्यांना हसण्याआधी आपलं बघ. तू १२,५०,००० लिहून पाठवलंस की तिकडचा बिचारा स्वल्पविराम चुकलाय समजून उलटून विचारतो. तारखेत महिना अक्षरांत लिही. ०३/०४ म्हणजे आपला ३ एप्रिल, अमेरिकेचा ४ मार्च.

आपलंही पंचांग असतं, हे आपण विसरतो. गणपतीत निम्मे ट्रेलरवाले गावाला जातात, मुंबई-गोवा रस्त्यावर अवजड गाड्यांना बंदी येते, आणि तरी परदेशातल्या एजंटाला आपण ऐन वेळी कळवतो की गाडी नाही. त्याने तुला आळशी का समजू नये? महिनाभर आधी चार ओळींची मेल टाक: अमुक ते अमुक सण आहे, गाड्या कमी असतील, माल आधी उचलूया. कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला गेला तर त्याच दिवशी सांग. उशिरा कळलेली वाईट बातमी जगात कुठेच कुणाला आवडत नाही, त्यासाठी झेंडे बघायला नकोत.

मी ठाण्यात राहतो ते तुला ठाऊक आहे. इथे टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे, बेने इस्रायलांचं. घरात मराठी बोलणारे हे लोक कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मला यात एक शहाणपण दिसतं. त्यांचा देव कोण, मूळ कुठलं, हे गावाला नीटसं माहीत नव्हतं. तेल कुठल्या वारी मिळणार नाही ते पक्कं माहीत होतं, आणि शेजार निभायला तेवढं पुरलं.

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. उरणचा तो यार्डवाला तुझ्याशी ‘उद्धट’ बोलतो, पहिल्याच दिवशी अरे-तुरे करतो. गड्या, तू पाटणकडचा, तो आगरी; दोघंही मराठी म्हणून तू त्याला परका धरलाच नाहीस, आणि घोळ तिथेच झाला. आगरी घरांत वडीलधाऱ्यांनाही सर्रास एकेरीत हाक मारतात. ती त्यांच्याकडची रीत आहे, तुझा अपमान नव्हे. तुझ्या घरी ज्वारीची भाकरी, त्याच्या घरी तांदळाची, एवढाच फरक नाही. शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर ही नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्या न्हावा-शेवा बंदराच्या कागदांवर तुझा पगार चालतो ते १९८९ साली याच पट्ट्यात सुरू झालं. दुसरीकडे तुझे वडील बाजार समितीत पाठीवर पोती वाहून कोपरखैरण्यात घर करू शकले, ते १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटलांची संघटना पाठीशी होती म्हणून. तो बाजारही याच गावांच्या जमिनीवर आहे. त्याला एकदा त्याच्या गावाबद्दल विचार, तुझ्या वडिलांबद्दल सांग. अरे-तुरे मग टोचणार नाही. टोचलंच तर तूही अरे-तुरे कर, त्याला चालेल.

ऑफिसातल्या डब्यांवरून होणाऱ्या कुरबुरींवर एक प्रसंग सांगतो. माझ्या जुन्या ऑफिसात पॅन्ट्रीच्या भिंतीवर एके दिवशी कागद चिकटला: ‘मायक्रोवेव्हमध्ये मांसाहारी पदार्थ गरम करू नयेत.’ नाव कुणाचं नाही, पण कागद कुणासाठी ते सगळ्यांना कळलं, कारण सुकटीचा डबा आणणारे दोघेच होते. ते दोघं दुसऱ्या दिवसापासून जिन्यात जेवायला लागले. साहेबांनी सहिष्णुतेवर भाषण द्यायची तयारी केली. मी त्यांना थांबवलं आणि कागद लावणाऱ्या बाईंना गाठून विचारलं, नेमकी अडचण काय. वासाचं त्यांना काही नव्हतं. गुरुवारचा उपास, साबुदाण्याची खिचडी, आणि त्याच बशीवर आदल्या दिवशीचे शिंतोडे, एवढंच. दुसरा मायक्रोवेव्ह आणला, कागद काढला. जिन्यातले दोघं मात्र आपणहून परत आले नाहीत. त्यांना हाताला धरून आणावं लागलं, आणि ते त्या बाईंनीच केलं. भाषणाने हे झालं नसतं असं माझं मत आहे.

अजून एक, मराठीचं. तुझ्या शेजारी ओडिशाचा मुलगा बसतो म्हणालास. तो मोडकंतोडकं मराठी बोलला की लगेच हिंदीवर उतरू नकोस. आपण सगळेच हे करतो, आणि मग त्याला दहा वर्षांत मराठी आलं नाही म्हणून ओरडतो. त्याला वाक्य पुरं करू दे, चूक झाली तर हसू नकोस. आणि डबे उघडल्यावर चौघं मराठीत रंगलात नि तो नुसता जेवत असेल, तर त्याला मधूनमधून आत ओढ.

पत्राच्या शेवटच्या ओळीत जे घुसवलंयस ते मी वाचलं. नेरूळची मुलगी, घर मल्याळी ख्रिश्चन, आणि तुझ्या आईला अजून पत्ता नाही. इथेही तुझा प्रश्न तोच: ‘ते लोक कसे असतात?’ इथेही उत्तर तेच. ती कशी आहे ते तुला माहीत असायला हवं, आणि तिचे आईवडील कसे आहेत ते त्यांच्याकडे चार वेळा चहाला गेल्यावर कळेल. पंचांग मात्र आधीच माग. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत त्यांच्याकडे सहसा लग्न धरत नाहीत, तुझी आई पितृपक्षात विषय काढू देणार नाही आणि चातुर्मासात मुहूर्त धरणार नाही. दोन्ही घरांचे असे बंद दिवस एका कागदावर मांडलेस तर बोलणी कधी करायची ते आपोआप दिसेल. त्यांच्याकडे शेवटचा शब्द कुणाचा, आजीचा की वडिलांचा, तेही तिला विचारून ठेव.

धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस द्यावी लागते आणि पुढचे तीस दिवस ती कार्यालयात लावलेली असते. ती नोटीस कुणीही वाचू शकतं. कोपरखैरण्यातलं कुणीतरी वाचून तुझ्या आईला फोन करण्याआधी तू स्वतः घरी सांग. वडिलांना आधी सांगितलंस तर बरं. रविवारी दुपारी बाजार बंद असतो, ते घरीच असतील.

कळावे,
काका