जुन्या विमानांची जमवलेली माहिती हौशी लोकांना फुकट द्यावी का?

द्या. आणि वॉटरमार्क न मारता द्या.

तुमचा प्रश्न असा की जुनी विमानं, धावपट्ट्या, बंद पडलेल्या कंपन्यांची वेळापत्रकं असं बरंच काही खपून जमवलंय, पण दिलं की लोक नावही न घेता वापरतात, मग द्यावं की नाही. वॉटरमार्कचं आधी सांगतो, कारण त्यावरून माझं डोकं अजून तापतं.

ठाण्यात नौपाड्याला आमचे एक ज्येष्ठ स्नेही राहतात. त्यांना नाना म्हणू. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया या जुन्या विमान कंपनीचं एक डाकोटा विमान जुहूला उभं आहे, असा एक फोटो त्यांच्याकडे आहे. बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर त्यांनी प्रत दिली, तर विमानाच्या मागच्या अंगावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'नानांचा संग्रह'. 'व्हीटी-सी' दिसतं, पुढची दोन अक्षरं गडप. त्या दोन अक्षरांशिवाय तो फोटो म्हणजे नुसतं एक चंदेरी विमान, हे तुम्हाला सांगायला नको. रजिस्ट्रेशन पूर्ण मिळालं तर कन्स्ट्रक्शन नंबर, म्हणजे कारखान्यानं त्या विमानाला दिलेला क्रमांक, मिळतो. मग युद्धात ते कोणाकडे होतं, बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये दुरुस्तीला गेलं का, 1953 मध्ये आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा त्या ताफ्यात होतं की आधीच मोडीत निघालं होतं, हे शोधता येतं. नानांनी फोटो दिला आणि माहिती ठेवून घेतली.

पण आमचं खरं वाजलं ते नेवाळीवरून. कल्याणहून हाजीमलंगला जाताना लागते ती दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. ब्रिटिशांनी युद्धासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, विमानं गेली, जमीन कागदोपत्री परत आली नाही आणि लोक तिथे शेती करत राहिले. 2017 च्या जूनमध्ये नौदलाच्या कुंपणावरून आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, तेव्हा कुठे टीव्हीवाल्यांना कळलं की इथे कधीकाळी विमानं उतरायची.

मी त्याच्या आधीपासून तिथलं जमवत होतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात बसून उतरवलेलं, जुन्या लोकांकडून ऐकलेलं, असं सगळं नीट लिहून काढलं आणि मागेल त्याला पाठवायला लागलो. नाना म्हणाले, "अरे, दुकान लुटवायला काढलंयस का?" पुढच्या दिवाळीत एका संस्थेच्या स्मरणिकेत माझा अख्खा लेख आला, भलत्याच माणसाच्या नावानं. स्वल्पविरामसुद्धा माझेच! नानांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या पानांच्या झेरॉक्स काढून तलावपाळीवर आमच्या सगळ्या मंडळींना वाटल्या. नानांनी काही फुकट वाटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला राग आला नाही असं नाही. चांगलाच आला, आणि त्या गृहस्थांना मी आजही ओळख दाखवत नाही. पण ती स्मरणिका फिरत फिरत नेवाळीकडच्या एका मास्तरांच्या हातात पडली. त्यांनी छापणाऱ्यांना फोन करून शंका विचारल्या. उत्तरं यायची कुठून? शेवटी छापणाऱ्यांनीच माझा नंबर देऊन सुटका करून घेतली.

मास्तर घरी आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद घेऊन. घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले. जुना सातबारा. आजोबांच्या नावाला कंस केलेला, बाजूला गोलात फेरफाराचा क्रमांक. दुसऱ्या कागदावर त्याच फेरफाराची नक्कल, जमीन लष्कराकडे गेल्याची नोंद आणि तारीख. ही तारीख मी मोठमोठ्या फायलींमध्ये शोधत होतो आणि ती होती तलाठ्याच्या दप्तरात. विमानांच्या इतिहासासाठी सातबारा बघावा हे माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला कधी सुचलं नसतं.

आता सर्व्हे नंबर धावपट्टीवर नेमका कुठे बसतो ते बघायचं होतं. नानांकडे युद्धकाळातला ले-आउट आहे, मी स्वतः पाहिलाय. टेबलाच्या पलीकडून, पानं नाना उलटणार, आपण हात लावायचा नाही. मी मास्तरांना घेऊन गेलो. नानांनी चहा दिला, पोहे दिले, नकाशा नाही दिला. म्हणे पुस्तकात येणार आहे. ते पुस्तक मी त्यांना ओळखतो तेव्हापासून येतंय. स्वतः खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, याला मी संशोधन म्हणत नाही. ज्याची जमीन गेली त्याच्यासमोर त्याच जमिनीचा नकाशा दडवून बसायचं आणि वर बिस्किटं पुढे करायची, हे मला आजही पटत नाही.

शेवटी मास्तरांना विचारून मी त्यांचे कागदही पुढे पाठवले. ऐरोलीचा एक मुलगा सर्व्हेच्या ड्रॉइंगचं काम करतो, विमानांचा वेडा आहे. त्यानं भूमी अभिलेखचा गाव नकाशा आणून उपग्रहाच्या चित्रावर बसवला. कोणता नंबर पट्टीखाली, कोणता कडेला, हे आता मास्तरांकडे कागदावर आहे. नानांच्या नकाशावाचून झालं. जमिनीच्या दाव्याचं काय होईल ते होवो.

आता तुमच्या कामाचं थोडं. घटना, तारखा, नंबर यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तुमचाही नाही. फोटोवर असतो. आपल्याकडे पूर्वी प्रकाशनानंतर साठ वर्षं असायचा, 2012 च्या दुरुस्तीपासून काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. त्यामुळे दुसऱ्यानं काढलेला फोटो वाटण्याआधी विचारा. प्रत्येक कागदासोबत तो कुठून मिळाला हे त्याच फाइलमध्ये लिहा. चोरणारा ते खोडेल, पण बाकीच्यांना तपासता तरी येईल. सरकारी फाइल अडली तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(3) वाचून जा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती नाकारायला तिथे फार थोडी कारणं ठेवली आहेत.

आणि हो, सरसकट वाटा असंही माझं म्हणणं नाही. अपघातात गेलेल्यांच्या नातेवाइकांचे पत्ते, फोन वाटायचे नाहीत. नेवाळीसारख्या ठिकाणी भिंत चढून किंवा ड्रोन उडवून फोटो काढायचे नाहीत, ती हौस महागात पडेल. ज्याला आधार नाही तेही पुढे ढकलू नका. तळपद्यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, हे मला दर महिन्याला कोणीतरी पाठवतं, सोबत पुरावा म्हणून वैमानिक शास्त्र हा प्राचीन म्हणवला जाणारा ग्रंथ. त्या ग्रंथातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्येच मांडलंय. असलं वाटण्यापेक्षा नानांसारखं कुलूप परवडलं.

तुमच्याकडची वेळापत्रकं आधी काढा. स्कॅन करताना मागची जाहिरातींची पानं टाकून देऊ नका, बुकिंग एजंटांची नावं आणि भाडी बहुतेक वेळा तिथेच सापडतात. एअर सर्व्हिसेसच्या काठियावाडच्या फेऱ्यांचं काही निघालं तर मला कळवा. मी नाव घालून वापरीन.