मुलगा बारा वर्षांचा आहे, दिवसभर क्रिकेट खेळतो, पुस्तक हातात धरत नाही. खेळ कमी करून वाचनाची गोडी कशी लावावी?

तुम्ही प्रश्नातच 'खेळ कमी करून' लिहून टाकलंय, म्हणून बसलो लिहायला. हेच वाक्य आमचे थोरले बंधू, अण्णा, चाळीस वर्षांपूर्वी माझ्याबद्दल बाबांना सांगत होते.

मी बेळगाव तालुक्यातला, सातवीपासून कुस्तीच्या तालमीत. पहाटे उठून हौदातली, म्हणजे आखाड्यातली, माती खोऱ्यानं उकरायची, मग जोर. आमचे वस्ताद दुसरीत शाळा सोडलेले, पण मनाचे श्लोक तोंडपाठ. जोर आकड्यांवर मोजायचे नाहीत, श्लोकांवर. एका चरणाला एक जोर, श्लोकात चरण चार, म्हणजे 25 श्लोक झाले की 100. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मारायचे. म्हणणाऱ्याचा घसा बसला की पुढचा. श्लोक आहेत 205, एका पहाटेत सगळे संपवलेला गडी मी पाहिला नाही.

नववीत वृत्तं आली, म्हणजे कवितेच्या चाली. फळ्यावर यमाताराजभानसलगं, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गण ओळखायचं सूत्र, खाली मनाच्या श्लोकांचंच वृत्त भुजंगप्रयात, य गण चार वेळा, अक्षरं 12. वर्गात कुणाला लघु-गुरू, म्हणजे आखूड-लांब अक्षरं, लागेना आणि मला हसू आवरेना. कारण ते माझ्या दंडात होतं! दोन गण खाली जाताना, दोन वर येताना. मग नादच लागला. पाठ्यपुस्तकातली दिसेल ती कविता हौदात नेऊन बघायची. मालिनी वृत्तावर जोर निघत नाहीत, सुरुवातीलाच सहा लघु एकामागोमाग येतात, धाप लागते. शार्दूलविक्रीडित मात्र बैठकांना झकास. 12 अक्षरांवर यती, म्हणजे थांबा, आहे, तिथं खाली टेकायचं, उरलेल्या 7 ला उठायचं. मराठीच्या बाईंना हे सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

पाठ्यपुस्तक संपलं तसा गावातल्या वाचनालयात जायला लागलो, थेट कवितेच्या कपाटाकडे. पुस्तक लंगोटाच्या पिशवीत. व्हायचं तेच झालं. एका संग्रहाच्या चार पानांवर तेल आणि तांबडी माती, वर माझा अंगठा उमटलेला. दंड दीड रुपया. तो आपण भरला असं अण्णा आजही पाव्हण्यांना सांगतात. त्या दिवशी घरात त्यांनी निकालच दिला, ''ह्याला पुस्तकाची किंमत नाही. तालीम बंद केल्याशिवाय हा वाचणार नाही.'' बाबांनी तालीम बंद केली. पुढचे आठ महिने मी शाळेबाहेरचं एक पान वाचलं नाही. पुस्तक समोर धरून बसायचो, अण्णांना तेवढंच दिसायचं.

शेवटी वस्ताद घरी आले. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभे. ''काय करूलालाय पोरगा?''

बाबा म्हणाले, ''वाचूलालाय.''

''कुणाला वाचूलालाय? आमच्यात होता तवा रोज पेपर वाचून दाखवायचा की.''

हे खरं होतं. अंगाला माती लावून बसलेल्या पंधरा-वीस जणांना मी आधी कुस्त्यांचे निकाल वाचून दाखवायचो, मग कुणीतरी म्हणायचं, पुढचं पण वाच, की अग्रलेखसुद्धा. त्यातले चार-पाच जण घरी कन्नड बोलणारे, तेही ऐकायचे. दुसऱ्या दिवसापासून मी परत तालमीत.

खेळणारा वाचत नाही हे अण्णांसारख्या न खेळलेल्यांनी उठवलेलं आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरला या, यात्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं आणि त्याच गावात ग्रामीण मराठी साहित्य संमेलनही होतं. मैदानात शिट्ट्या मारणारीच माणसं तुम्हाला संमेलनाच्या मांडवातही दिसतील. आज अण्णा निवृत्त आहेत, दिवसभर टीव्हीवर चर्चा ऐकतात. गेल्या दहा वर्षांत त्यांच्या हातात मी पंचांग सोडून पुस्तक पाहिलेलं नाही. मी गुडघा मोडलेला माणूस, तरी शनिवारी एसटी धरून बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या चढतो. ते 1848 सालचं आहे, पायऱ्या माझ्या गुडघ्याला विचारून बांधलेल्या नाहीत.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर मॅचच्या दुसऱ्या दिवशी पेपरचं खेळाचं पान त्याला मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही ऐका, मध्ये चुका काढू नका. 'खेळलास ना, आता दहा पानं वाच' हे मात्र तोंडातून काढू नका, पुस्तकाचा दंड झाला की संपलं. संध्याकाळचं मैदान तर अजिबात तोडू नका.

आता हेही सांगतो, सगळ्यांना आमच्यासारखे वस्ताद मिळत नाहीत. माझ्याबरोबरच्या वीस जणांत कवितेच्या नादाला लागलेला मी एकटाच. तुमचा मुलगा कदाचित कधीच वाचणार नाही, नुसता चांगला खेळेल, तर खेळू दे. आणि तुमचं क्रिकेट म्हणजे मोबाईलवरचं असेल तर मी वर लिहिलेलं सगळं मागे घेतो, तो खुशाल काढून घ्या.

अण्णा इथं येत नाहीत, पण पुतण्या येतो, तो त्यांना वाचून दाखवेलच. दीड रुपया मी भरला होता अण्णा, खुराकाच्या दुधाच्या पैशातून. तीन दिवस दूध तोडलं होतं.