वाचा गेली, समज आहे

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातात तिची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. आता ‘नको’ एवढाच शब्द तिला उच्चारता येतो. घरी उचलणे-बसवणे जमेना, म्हणून सहा महिन्यांपासून ती एका शुश्रूषा केंद्रात आहे. औषधे वेळेवर मिळतात, पाठीला जखम नाही, जेवणही बरे असते. मात्र तिथल्या मावशी तिला ‘ए बबडे’ म्हणून हाक मारतात, पडदा न ओढता कपडे बदलतात आणि परवा तर मला न सांगता त्यांनी तिचे केस बारीक कापले. आंघोळीच्या वेळी ती हात ढकलते, म्हणून नोंदवहीत ‘त्रास देते’ असा शेरा आहे. तक्रार केली तर राग आईवर निघेल, ही भीती वाटते. मी उगाच बारीकसारीक गोष्टी काढते आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या गोष्टी बारीकसारीक नाहीत. तुमच्या पत्रातले ‘मला न सांगता’ हे शब्द मात्र मला खटकले. केस आईंचे आहेत. विचारायला हवे होते ते त्यांना, आणि त्यांना विचारता आलेही असते.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांच्या बाबतीत भाषाही तिथेच असते, म्हणून या दोन्ही गोष्टी अनेकदा एकदमच जातात. परंतु बोलणे गेले तरी समज बऱ्याच अंशी टिकून असल्याचे पुष्कळ रुग्णांत दिसते. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण वर्षानुवर्षे राहत होता. त्याला ‘तां’ एवढेच म्हणता येई, म्हणून सगळे त्याला तां म्हणूनच ओळखत. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने, इथे येऊन किती वर्षे झाली असे विचारले, तेव्हा त्याने चार वेळा पंजा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे, उत्तर अचूक होते. एकवीस वर्षांत त्याचे नाव मात्र मागे पडले होते. ‘बबडे’ ही हाक वाचताना मला तोच आठवला. आयुष्यभर ज्यांना विद्यार्थ्यांनी ‘बाई’ म्हटले, त्यांना इथेही बाईच म्हणावे, असे मावशींना सांगा. मावशींना ते जड जाणार नाही.

आईंच्या ‘नको’वर पूर्ण विसंबू नका. अशा रुग्णांच्या तोंडी उरलेला एकच शब्द होकारासाठीही बाहेर पडतो. दोन साड्या समोर धरा, डाव्या हाताने दाखवू द्या, आणि उत्तरासाठी मनात दहा अंक मोजण्याइतके थांबा. हे थांबणेच घाईच्या वेळी राहून जाते.

हात ढकलणे मात्र गांभीर्याने घ्या. लुळ्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो आणि तो हात ओढून उचलला तर फार दुखते; तेव्हा फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा. कपडे घालताना लुळा हात आधी आणि काढताना शेवटी, हा नियम मावशींनी पाळला तर निम्मी ओढाताण टळते. उजव्या अंगाची संवेदना कमी असू शकते, म्हणून पाण्याचा कढतपणा आधी डाव्या हाताला लावून दाखवावा. अंगावर पंचा किंवा चादर ठेवून जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडावा आणि हात लावण्यापूर्वी काय करणार ते सांगावे. दुखणे आणि लाज ही दोन्ही कारणे लक्षात घेतली, तर ‘त्रास देते’ या शेऱ्याच्या जागी ‘त्रास होतो’ असे लिहावे लागेल.

आता तक्रारीविषयी. सकाळच्या आंघोळीच्या धांदलीत, इतरांसमोर मावशींना बोलू नका. एकेका मावशीकडे किती जणांचे करायचे असते, हे तुम्ही पाहिले असेलच. दुपारी मुख्य सिस्टरांना भेटा. हाक कोणती, कपडे कोणते, पडदा ओढणे, आंघोळीची रीत, हे सगळे एका पानावर लिहून ते पलंगाशी लावायला सांगा आणि तारीख घातलेली एक प्रत जवळ ठेवा. त्यानंतरही अवहेलना चालू राहिली किंवा अंगावर वळ दिसले, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.

स्पीच थेरपीचाही विचार करा. दोन वर्षे उलटली म्हणून ती वाया जातेच असे नाही. पाठ असलेले शब्द कधीकधी वेगळ्या वाटेने येतात. तेव्हा संध्याकाळी तुम्ही ‘शुभं करोति’ म्हणायला लागा, आई सोबत म्हणू लागल्या तर नवल नाही. आणि केस वाढू द्यायचे की असेच ठेवायचे, तेही त्यांनाच विचारा. कदाचित त्यांना ते सुटसुटीत वाटत असतील.