रशियाने अलास्का अमेरिकेला का विकला?
राखता येणार नाही तो प्रदेश हातचा जाण्याआधी विकलेला बरा, हा सरळ हिशोब. क्रिमियाच्या युद्धात (१८५३-५६) रशियाची तिजोरी आटली होती. पुन्हा लढाई जुंपली तर ब्रिटन शेजारच्या ब्रिटिश कोलंबियातून अलास्का सहज घेईल, ही धास्ती होती. समुद्री पाणमांजरांची बेसुमार शिकार झाल्याने फरचा धंदाही बसला होता.

३० मार्च १८६७ला सौदा ठरला ७२ लाख डॉलरला, एकरी जेमतेम दोन सेंट. ताबा ऑक्टोबरात अलास्कातल्या सिट्का गावी दिला. पैसे मात्र अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मंजुरी लांबवल्यामुळे ऑगस्ट १८६८मध्ये मिळाले.

खरं तर विकला गेला तो रशियाचा दावा. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या त्लिंगिट लोकांना कोणी विचारलंच नाही, हा उघड अन्याय होता. मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांचा कायदा व्हायला १९७१ उजाडलं.