आठ भिंतींचं घर

प्रश्न : मुलीकडे गेलो होतो, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यांत काही जुनी आठकोनी घरं दिसली. माथ्यावर काचेची छोटी मनोरी. अशी घरं का बांधली आणि पुढे ती चाल बंद का पडली?

उत्तर : आधी हिशेब मांडू. तीस फूट बाजूच्या चौकोनी घराला १२० फूट भिंत लागते आणि आत ९०० चौरस फूट जागा मिळते. तेवढीच भिंत आठ बाजूंत वाटली, तर जागा जवळपास १,०८६ चौरस फूट होते. हाच हिशेब ऑर्सन फाऊलर यांनी १८४८च्या पुस्तकात मांडला आणि तो अनेकांना पटला. फाऊलर वास्तुविशारद नव्हते. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे व्याख्याते होते. पण सामान्य माणसाला स्वस्त, हवेशीर घर मिळावं ही त्यांची तळमळ खरी होती, आणि मला तीच मोलाची वाटते. विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावी त्यांनी चुना, वाळू आणि खडीच्या ओतीव भिंती पाहिल्या. मग १८५३च्या आवृत्तीत त्यांनी त्याच भिंतींचा पुरस्कार केला. आपण पाहिलेली मनोरी उजेडासाठी आणि उन्हाळ्यात वर चढणारी गरम हवा बाहेर काढण्यासाठी.

अडचण आत शिरल्यावर कळते. मधे जिना आणि भोवती चार चौकोनी खोल्या काढल्या की कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे उरतात. तिथे कपाट किंवा अडगळीची खोली होते, पण पलंग नीट बसत नाही. वाढीव खोली जोडायची तर सोयीची बाजू सापडत नाही. शिवाय सुताराला भिंतींचा प्रत्येक कोपरा १३५ अंशांत जुळवावा लागतो. भिंतीत वाचलेला पैसा मजुरीत जातो. त्यात १८५७ची मंदी आली आणि लाट ओसरली. न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिलजवळचं फाऊलर यांचं स्वतःचं साठ खोल्यांचं घरही १८९७ साली सुरुंग लावून पाडलं.

मात्र या आकाराला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. एकच मोठी खोली हवी असेल, तर तो उत्तम. न्यूयॉर्क राज्यातच एसेक्स गावाजवळ बोके इथे १८२६ची दगडी आठकोनी शाळा उभी आहे, म्हणजे फाऊलर यांच्या पुस्तकाच्याही आधीची. एकाच वर्गाला अनेक बाजूंनी उजेड, आणि त्रिकोणी कोपऱ्यांचा प्रश्नच नाही. पुन्हा जाणं झालं तर ती जरूर पाहा. आणि घर आतून बघायचं असेल, तर विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाऊनचं १८५४चं आठकोनी घर आता संग्रहालय आहे. तिथला मधला गोल जिना चुकवू नका.