चार लाख, अठरा महिने आणि बँकेचा शेअर

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी घरात पाहुणे होते म्हणून आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तू मोबाइल पुढे धरून विचारलंस, "मावशी, बँकांचे शेअर पडलेत. युद्धाच्या बातम्या, निवडणुका, सगळं एकदम आलंय. आत्ताच चार लाख टाकून देऊ का?" मी "बघू" म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. ते काही उत्तर नव्हे. माझी तेहतीस वर्षं बँकेत गेली, त्यातली निम्म्याहून जास्त कर्ज विभागात. तू विश्वासाने विचारलंस आणि मी नीट बोलले नाही, हे दोन दिवस मनाला लागून राहिलं आहे.

४ जून २०२४ आठवतो ना? लोकसभेची मतमोजणी होती. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर बाजार उच्चांकावर गेलेला, आणि त्या मंगळवारी निफ्टी जवळजवळ ६ टक्के, बँकांच्या शेअरचा निर्देशांक बँक निफ्टी ८ टक्क्यांच्या आसपास आणि स्टेट बँकेचा शेअर सुमारे १४ टक्के कोसळला. दुपारी तुझा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. मी तुला एवढंच विचारलं होतं, की कालपासून आजपर्यंत त्या बँकेचं कोणतं कर्ज बुडालं? सातपूरच्या कुठल्या कारखानदाराने निकाल बघून हप्ता थांबवला? ७ जूनला सेन्सेक्स पुन्हा नव्या उच्चांकावर बंद झाला. असे दिवस आमच्या पिढीने आधीही पाहिले आहेत. १७ मे २००४ ला सरकार बदलताना बाजार इतका पडला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. पुढे १८ मे २००९ ला निकालानंतर तो एका दिवसात १७ टक्के वर गेला.

यावरून "राजकारणाने भाव पडले की डोळे मिटून शेअर घ्यायचे" असा नियम मात्र काढू नकोस. बँक ही इतर कंपन्यांसारखी नसते. ढोबळ हिशेब सांगते. बँकेने शंभर रुपयांचं कर्ज दिलं तर त्यात भागधारकांचे स्वतःचे जेमतेम दहा-बारा रुपये असतात, बाकीचे ठेवीदारांचे. शंभरातले पाच बुडाले तर ठेवीदाराला कळतही नाही, पण भागधारकाचं निम्मं भांडवल गेलेलं असतं. रांगेत पहिला ठेवीदार, शेवटचा तू. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली तेव्हा ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले आणि भागधारकांचे शेअर शून्य झाले. कारखान्याचा शेअर पडला तर निदान मशिनरी आणि जागा उरते. बँकेकडे उरतात ती माणसांनी दिलेली वचनं. म्हणून बँकेचा शेअर घेणं म्हणजे तिने कुणाकुणाच्या वचनावर विश्वास ठेवला, तो आपणही ठेवणं.

आता राजकारण बँकेत शिरतं कुठून, ते मी समोर बसून पाहिलं आहे. २०१७ च्या मे महिन्यात मी निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होते. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात कर्जमाफी जाहीर झालेली, आपल्याकडेही तीच चर्चा. एक द्राक्ष बागायतदार आले. वर्षानुवर्षं वेळेवर भरणारा माणूस. कापडी पिशवीत नोटांची बंडलं, रबर लावून, हिशेबाने. काउंटरवर उभं राहून त्यांनी भरणा स्लिप लिहिली. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "दादा, आत्ता भरता कशाला? माफ होणारे." ते थबकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, थांबू का?" मी म्हणाले, भरा, नियमित राहिलेलं चांगलं. त्यांनी स्लिपची चार वेळा घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, पिशवीची गाठ मारली आणि गेले. त्या माणसाला मी आजही दोष देत नाही. घरात लग्न होतं, भाव पडलेले होते. जूनमध्ये शेतकरी संप झाला आणि महिनाअखेरीस राज्याची कर्जमाफी जाहीर झाली. मधल्या काळात आमची वसुली जवळजवळ थांबली होती, आणि जे भरू शकत होते तेही थांबले होते.

शेअर बाजारात त्या दिवसांची नोंदही झाली नाही. देशभर पसरलेल्या मोठ्या बँकेच्या ताळेबंदात निफाडची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा दिसतसुद्धा नाहीत. पण जिची सगळी कर्जं दोन-तीन जिल्ह्यांत, एकाच पिकावर किंवा बिनतारण छोट्या कर्जदारांवर उभी आहेत, अशा बँकेला एक निर्यातबंदी पुरते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत. त्या पाच महिन्यांत आपल्या जिल्ह्यातल्या घरांचे हप्ते कसे गेले असतील, याचा तू अंदाज कर. तेव्हा अनिश्चिततेत पहिला प्रश्न "कोणतं सरकार येईल" हा नसतो. या बँकेचे कर्जदार कोण, कुठले, आणि ते सगळे एकाच दिवशी अडचणीत येऊ शकतात का, हा असतो.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बँकांच्या शेअरवर मोठं संकट आलं ते गोंधळाच्या काळात आलं नव्हतं. २०१४ नंतर केंद्रात स्पष्ट बहुमताचं सरकार होतं, बाजार त्यावर खूश होता. पण रस्ते, वीज, पोलाद यांसाठी त्याआधीच्या तेजीत दिलेली कर्जं आतून कुजत होती. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांची कसून तपासणी लावली आणि झाकलेलं बाहेर येऊ लागलं. मार्च २०१८ मध्ये बँकांची ढोबळ थकीत कर्जं एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांच्या वर गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारला सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटी रुपयांच्या भांडवलाची योजना जाहीर करावी लागली. मार्च २०२४ पर्यंत तेच प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे आज बँका तेव्हापेक्षा खूप सुदृढ आहेत, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. मतमोजणीचा दिवस टीव्हीवर दिसतो. कुजणारं कर्ज मात्र दोन-तीन वर्षं कुठेच दिसत नाही.

मीही यात पोळले आहे. एका खासगी बँकेचे शेअर मी थोडे थोडे करून लाखभराचे घेतले होते. दरवर्षी कर्जवाटप झपाट्याने वाढत होतं, थकीत कर्ज नावालाच. मला, कर्ज विभागात आयुष्य घालवलेल्या बाईला, कळायला हवं होतं की नवं कर्ज पहिली एक-दोन वर्षं सहसा बुडत नाही. भराभर कर्ज वाटणारी बँक म्हणूनच स्वच्छ दिसते. शेवटी विकले तेव्हा हातात सात हजार आले. ते पैसे तुझ्या काकांच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेल्या रकमेतले होते, हे मी घरात बरीच वर्षं सांगितलं नाही.

म्हणून मोबाइलवरचा भाव बाजूला ठेव आणि बँकेचा वार्षिक अहवाल उतरवून घे. पुढची रंगीत पानं सोड. ताळेबंदाच्या मागे शेड्यूल, म्हणजे तपशिलाची परिशिष्टं असतात. तीन क्रमांकाचं ठेवींचं, नऊचं कर्जांचं, आणि अठरावं म्हणजे हिशेबावरच्या टिपा. हे अठरावं शांतपणे वाच. सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती वाटा आहे, वर्षभरात नव्याने किती कर्ज थकलं, हे तिथे असतं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत बँकेने दाखवल्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त थकीत कर्ज सापडलं असेल, तर तेही तिथे लिहावं लागतं. एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, कमी झाला असेल तर तो वसुलीने झाला की निर्लेखित करून, म्हणजे बुडीत धरून ताळेबंदातून काढून टाकून, ते बघ. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुस्तकी किमतीच्या, म्हणजे ताळेबंदात दिसणाऱ्या भागधारकांच्या भांडवलाच्या, निम्म्याने मिळणारी बँक स्वस्त आहे असं तू म्हणालास. पुस्तकातली कर्जंच खरी नसतील तर ती किंमतही खरी नाही.

व्याजदर कपातीचं तू फार धरून बसला होतास. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो, ६.५ टक्क्यांवरून ५.५ वर आला. पण ऑक्टोबर २०१९ पासून नवी गृहकर्जं आणि छोट्या उद्योगांची बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत, त्यांचं व्याज लवकर उतरतं. मुदत ठेवीचा दर मात्र मुदत संपेपर्यंत तोच. म्हणून कपातीनंतरच्या काही तिमाहींत बँकेचा नफा दबतो. कर्जदाराला आनंद, बँकेला थोडी ओढाताण.

सरकारी बँक घेतलीस तर मालक सरकार आहे हे धरून घे. बुडू देणार नाही, पण तुला विचारणारही नाही. १ एप्रिल २०१९ ला देना बँक विलीन झाली तेव्हा तिच्या १००० शेअरमागे बँक ऑफ बडोदाचे ११० मिळाले. आणि ते बँक निफ्टीचे ऑप्शन, म्हणजे निर्देशांक वर जाईल की खाली यावरचे ठरावीक मुदतीचे सौदे, ज्याबद्दल तू हळूच बोललास, त्याला हात लावू नकोस. बाजार नियामक सेबीने वायदे आणि ऑप्शनचे तीन वर्षांचे व्यवहार तपासले तेव्हा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ जण तोट्यात निघाले होते. मला यावर वाद नको आहे.

आता तुझे चार लाख. त्यातले अडीच पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटसाठी अठरा महिन्यांनी द्यायचेत, हे तूच सांगितलंस. कमी मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या ठिकाणी अडकवला की चांगल्या बँकासुद्धा बसतात. बँक निफ्टी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ३२ हजारांच्या वर होता, मार्च २०२० मध्ये १६ हजारांवर आला. नंतर सावरला, पण बिल्डरने तोवर थांबायला हवं ना! ते अडीच लाख मुदत ठेवीत ठेव.

दुसरं म्हणजे तुझी नोकरी. अंबडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहेस. मंदी आली तर तुझा ओव्हरटाइम आणि बँकेचा शेअर एकाच महिन्यात खाली येतील, कारण तुमच्या कंपनीचे पुरवठादार त्याच बँकांचे कर्जदार आहेत. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढल्याशिवाय शेअरचं नाव घेऊ नकोस. शिवाय तुझी निफ्टी इंडेक्स फंडाची एसआयपी चालू आहे, त्यात सुमारे एक तृतीयांश वाटा बँका आणि वित्त कंपन्यांचाच असतो. तू बँकांत आधीच आहेस. यातून जे उरेल, माझ्या हिशेबाने साठ-सत्तर हजार, ते दोन मोठ्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या बँकांत वर्षभर थोडं थोडं घाल, आणि पाच वर्षं लागणार नाहीत अशाच पैशाने.

येत्या रविवारी सकाळी दहाला ये. तू बघून ठेवलेल्या बँकेचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल मोबाइलवर नको, शेड्यूल अठराची पानं छापून आण. माझा चष्मा बदलला आहे, पण बारीक अक्षर अजून नीट लागत नाही, तेव्हा वाचून तू दाखव. पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी