विजेवर चालणारी गाडी आपण पर्यावरणासाठी घेतली की पैसे वाचवण्यासाठी? आणि वीज कोळशाचीच असेल तर तिचा उपयोग काय?

आपण विचारले आहे की, ज्यांनी विजेची गाडी घेतली त्यांनी ती पर्यावरणाच्या कळकळीने घेतली की पेट्रोलच्या भावाला कंटाळून. महाराष्ट्रातील वीज बहुतांशी कोळशाची असताना त्या गाडीने साधते काय. आणि आपली पाच वर्षांची, वर्षाला जेमतेम ५,००० किलोमीटर धावणारी पेट्रोलची छोटी गाडी विकून अशी गाडी घ्यावी का. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने मी त्यांची उत्तरे माझ्या वहीतून देते. मी पुण्यात लेखापालाचे काम करते, आणि गाडी दारात आल्या दिवसापासून प्रत्येक चार्जिंगची नोंद दोनशे पानी वहीत करीत आले आहे: तारीख, किलोमीटर, किती टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत, आणि मीटरवरचे युनिट. घरचे हसतात, पण ही वही नसती तर पुढे सांगते ती गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती.

आधी कारणे, आणि तीही त्यांच्या खऱ्या क्रमाने. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, पाठोपाठ पुण्यातही ओलांडली, आणि त्याच आठवड्यात मी आकडेमोड करायला बसले. आमच्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज शहर आणि हमरस्ता मिळून १४ होते, म्हणजे किलोमीटरला सात रुपयांहून थोडे अधिक. विजेच्या गाडीला भिंतीवरच्या प्लगपासून मोजले तर किलोमीटरला साधारण ०.१६ युनिट लागते, आणि मला घरी युनिट ८ रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे सव्वा ते दीड रुपया. दुसरे कारण सासूबाईंचा दमा. आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे, त्यांच्या खोलीची खिडकी बंदिस्त पार्किंगच्या तोंडावर उघडते, आणि हिवाळ्यात सकाळी कोणी गाडी सुरू करून मुलाची वाट पाहत बसले की त्या खोकत उठत असत. तिसरे कारण माझा डावा गुडघा, जो सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीत क्लच दाबून दाबून रुसला होता. (त्यासाठी गिअर न बदलावी लागणारी पेट्रोलची गाडीही चालली असती, हे मान्य.) पर्यावरणाचा क्रमांक चौथा होता, पण नातेवाइकांना सांगताना मी तो पहिला सांगत असे.

कोळशाच्या विजेबद्दल मला कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. माझे बालपण विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत गेले. वडील तेथे नोकरीला होते. वाऱ्याची दिशा फिरली की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर करड्या राखेचा पातळ थर बसे, आणि आई ते कपडे आधी झटकून, मग पुन्हा पाण्यातून खळबळून काढीत असे. तुळशीच्या पानावरून बोट फिरवले तर बोटाचे टोक करडे होई. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४० टक्के असते, म्हणजे कोळशाच्या तीन वाघिणी जाळल्या की जवळजवळ एक वाघीण राख उरते, आणि ती कोठेतरी नेऊन टाकावीच लागते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी ही नावे पुण्यातल्या माणसाच्या कानावर उन्हाळ्याच्या बातम्यांपुरती पडतात, पण माझी गाडी बऱ्याच अंशी तेथल्याच भट्ट्यांवर चालते. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोयनेचे पाणी आणि तारापूरची अणुवीज आपल्या वाट्याला येते हे खरे, तरी रात्री अकरा वाजता मी प्लग लावते तेव्हा बहुतेक काम कोळसाच करीत असतो. सासूबाईंच्या खिडकीतला धूर मी आईच्या दोरीवर नेऊन घातला, असे मला पहिल्या महिन्यात फार वाटत असे.

ही टोचणी पूर्णपणे न्याय्य नव्हती. केंद्राची चिमणी दोन-अडीचशे मीटर उंच असते, राखेचा फार मोठा भाग धूर बाहेर पडण्याआधी यंत्राने पकडला जातो, आणि पार्किंगमधली गाडी मात्र आपला धूर थेट माणसाच्या नाकाच्या उंचीवर सोडते. श्वासापुरते पाहिले तर गल्लीला झालेला लाभ आणि तिकडे झालेला तोटा सारखा नसतो. कार्बन डायऑक्साइडला मात्र उंचीशी देणेघेणे नसते. तो कोठेही निघाला तरी परिणाम तोच, म्हणून तो मोजलाच पाहिजे.

माझा हिशेब असा आहे. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १४ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला १६४ ग्रॅम होतात, आणि तेल काढणे, शुद्ध करणे, टँकरने पंपापर्यंत आणणे यांचे अंदाजे २० टक्के त्यात मिळवले की सुमारे २०० ग्रॅम. भारताच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांमधून येताना होणारी गळती धरली तर माझ्या ०.१६ युनिटचे १३५ ते १४० ग्रॅम होतात. फरक पडला साठ ग्रॅमचा. ‘शून्य उत्सर्जन’ हे शब्द गाडीच्या मागच्या काचेवर शोभतात, पण वहीत शून्य येत नाही. त्यातच बॅटरी तयार करतानाचे कर्ज वेगळे असते. बॅटरीच्या प्रत्येक युनिट क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड कारखान्यात आणि खाणीत आधीच निघून गेलेला असतो. माझी बॅटरी ३० युनिटची, म्हणजे दोन ते तीन टन. किलोमीटरमागे ६० ग्रॅम वाचवून हे कर्ज फेडायचे तर ३० ते ५० हजार किलोमीटर गाडी चालवावी लागते. एवढी चालवल्यावर मात्र पुढचा प्रत्येक किलोमीटर खराच लाभाचा असतो, आणि वीजजाळ्यात सौर व पवन विजेचा वाटा वाढेल तशी हीच जुनी गाडी आपोआप अधिक स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीला हे कधीच जमणार नाही.

आता वहीने उघडकीला आणलेली गोष्ट. पेट्रोलच्या गाडीवर आमचे वर्षाला ७,००० किलोमीटर होत असत. विजेच्या गाडीच्या पहिल्या वर्षाची बेरीज आली ११,४००. मी ती तीनदा करून पाहिली. ७,००० गुणिले २०० ग्रॅम म्हणजे १,४०० किलो. ११,४०० गुणिले १४० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १,६०० किलो. खर्च सुमारे ५० हजारांवरून १६ हजारांवर आला होता आणि धूर वाढला होता. हे जास्तीचे किलोमीटर कोठून आले ते मी नोंदीनोंदीने शोधले. मुंबईच्या सहा फेऱ्या होत्या, ज्या पूर्वी मी डेक्कन क्वीनने करीत असे. रविवारी ‘जरा पानशेतपर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणून झालेल्या चौदा चकरा होत्या. मार्केट यार्डातून भाजी आणण्यासाठी पूर्वी मी बसने जात असे, तेथे आता गाडी जात होती, आणि ती बसही विजेचीच होती, कारण पुण्यात २०१९ पासून विजेच्या बसगाड्या धावतात. पेट्रोलच्या काळात गाडीची किल्ली उचलताना मनात एक आकडा उमटत असे. सव्वा रुपयाला तो उमटेनासा झाला होता. वर ‘आपली गाडी तर स्वच्छ आहे’ हे समाधान होतेच. माझ्या मते विजेच्या गाडीचा सर्वांत मोठा तोटा बॅटरीत किंवा कोळशात नसून या समाधानात आहे, आणि त्याबद्दल विक्रेता किंवा टीकाकार यांपैकी कोणीही ग्राहकाला सावध करीत नाही.

मुंबईच्या फेऱ्यांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण घाट हा या गाडीचा सर्वांत मोहक भाग आहे. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाय उचलला की मोटर उलट काम करू लागते, गाडीचा वेग आपोआप कमी होतो आणि बॅटरीत वीज परत जाते. मी लोणावळ्याला ६१ टक्के पाहून निघाले आणि घाटाच्या पायथ्याशी पडद्यावर ६४ होते. पहिल्यांदा पाहताना ही जादूच वाटते. पण परतीच्या वाटेवर तोच घाट १४ टक्के घेतो. चार माणसांसह साधारण १,६५० किलो वजन साडेपाचशे मीटर वर चढवायला, बाकी काही न धरता, अडीच युनिट लागतातच, आणि उतारावर मिळालेले त्यातले निम्मेही नसते. शिवाय द्रुतगती मार्गावर ताशी १०० ने गेल्यास युनिटला सहा किलोमीटरही मिळत नाहीत, ८० ने गेल्यास साडेसात मिळतात; जाहिरातीतला आकडा कोणत्या रस्त्यावर काढला होता, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याच घाटातून डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून जाते आहे, आणि पहिल्या दिवसापासून विजेवर. मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची रेल्वे त्याच्याही आधी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी सुरू झाली होती. विजेवर प्रवास करणे ही आपल्याकडे शंभर वर्षांची जुनी गोष्ट असताना, एकटीने दीड टनाचा लोखंडी पेटारा चढावर ओढत नेऊन मी तिला नवे पर्यावरणप्रेम समजत होते. गाडीत चौघे असतील तर १४० ग्रॅमचे माणशी ३५ होतात आणि गाडीची बाजू बरीच सावरते. एकटीच्या फेरीला मात्र रेल्वेपुढे काही बोलण्याची सोय नाही.

त्यानंतर मी एक साधा नियम केला: एकटी असेन आणि रेल्वे किंवा एसटी जात असेल तर गाडी काढायची नाही. गेल्या वर्षीची बेरीज ७,८०० आहे. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसल्यापासून शक्य तेवढे चार्जिंग मी रविवारी दुपारी करते. एका किलोवॉटचे पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देते आणि माझ्या गाडीला सध्या त्याहून थोडे कमी लागतात, त्यामुळे कागदावर हिशेब जुळतो. आठवड्याच्या मधल्या रात्री मी कोळशावरच अवलंबून असते, हे कागदाने लपत नाही. कोबाल्टच्या खाणींविषयी नेहमी विचारले जाते, त्याचे थोडक्यात उत्तर असे की माझ्या गाडीतील बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची आहे आणि तिच्यात कोबाल्ट नसतो. लिथियम असते, आणि ते जमिनीतून किंवा खाऱ्या पाण्यातून काढताना कोणाच्या तरी दारात खड्डा पडतो किंवा पाणी आटते. टायर झिजतातच, बॅटरीच्या वजनामुळे माझे २८ हजार किलोमीटरवर बदलावे लागले. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, लंडनजवळ राहणाऱ्या बहिणीला भेटायला मी दोन वर्षांपूर्वी विमानाने जाऊन आले, त्या एका जाण्यायेण्याचा माझ्या वाट्याचा कार्बन डायऑक्साइड सुमारे एक टन होता. गाडीने दोन वर्षांत जे वाचवले असते त्याच्यावर तेथे पाणी पडले. मी पुन्हा जाणार नाही असे मात्र म्हणणार नाही. बहीण एकच आहे.

आता आपल्या गाडीविषयी. वर्षाला ५,००० किलोमीटर आणि किलोमीटरमागे साठ ग्रॅम, म्हणजे वर्षाला ३०० किलो. मोठ्या बॅटरीचे दोन-तीन टनांचे कर्ज फिटायला आपल्याला सात ते दहा वर्षे लागतील, आणि पैशांचा हिशेबही फारसा वेगळा येणार नाही, कारण इतक्या कमी धावण्यात इंधनातली बचत गाडीच्या जास्तीच्या किमतीला पुरी पडत नाही. आपली गाडी अजून आठ-दहा वर्षे सहज चालेल; ती चालू द्यावी आणि हवा, सर्व्हिसिंग व वेग सांभाळावा. घरात कोणाला दम्याचा त्रास असेल किंवा पार्किंग आमच्यासारखे बंदिस्त असेल, तर गोष्ट वेगळी.

बदल करायचाच असेल तर शहरातल्या एकट्याच्या कामांसाठी विजेची स्कूटर पाहावी. ती एका युनिटमध्ये तीसएक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला तीसएक ग्रॅम. आपल्या गाडीच्या पाच हजारांपैकी तीन हजार किलोमीटर जरी तिच्यावर गेले तरी वर्षाला पाचशे किलो वाचतात, आणि तिची तीन युनिटची बॅटरी आपले कर्ज वर्षभरात फेडून मोकळी होते. शक्यतो बॅटरी काढून घरात नेता येईल अशी घ्यावी, म्हणजे पार्किंगमध्ये प्लग बसवण्यासाठी सोसायटीच्या ना हरकत पत्राची वाट पाहावी लागणार नाही. मला ते पत्र मिळायला पाच महिने लागले होते.